एमओटीच्या कागदावर ‘मागचं सस्पेन्शन झिजलंय’: शॉकअप बदलण्याआधी प्ले कुठे आहे ते शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २००७ची सुझुकी एसव्ही६५०एस, ३१ हजार मैल झालेली, तुम्ही गेल्या ऑक्टोबरात सेकंडहँड घेतली. गेल्या आठवड्यात एमओटी, म्हणजे ब्रिटनमधली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी, पास झाली, पण खाली ॲडव्हायझरीची एक ओळ आली: मागचं सस्पेन्शन झिजलंय, थोडा प्ले (जोडातला ढिलेपणा) आहे. ज्या गॅरेजात टेस्ट झाली तिथंच नव्या शॉकअपचं कोटेशन मिळालं आणि आकडा पाहून तुम्ही गार पडलात. ऑफिसातला मित्र म्हणतो, ‘पास झालीय ना, मग कशाला डोकं लावतोस.’ मे महिन्यात बायकोला मागं घेऊन, सामान लादून स्कॉटलंडला जायचंय. शॉकअप बदलू, की तसाच निघू? आणि काम निघालंच तर ते घरी जमेल का?

माझ्या मते आत्ता दोन्ही करू नका. त्या ओळीत कुठल्या भागात खोट आहे ते लिहिलंय, कुठला पार्ट खराब आहे ते लिहिलेलं नाही. प्ले नेमका कुठल्या जोडात आहे हे कुणी पाहिलेलं दिसत नाही. ते कळेपर्यंत पैसे खर्च करणं आणि दुर्लक्ष करणं, दोन्ही अंदाजपंचेच.

मी इथं इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये बाइकच्या वर्कशॉपमध्ये काम करतो आणि एमओटी टेस्टही करतो. तुमच्या कागदावर आहे तशी ओळ माझ्या हातूनही नेहमी लिहिली जाते, त्यामुळे टेस्टर ती कधी आणि का लिहितो ते आधी सांगतो.

मे २०१८ पासून एमओटीत सापडलेला दोष तीनपैकी एका दर्जात टाकावा लागतो: डेंजरस, मेजर किंवा मायनर. पहिल्या दोनमध्ये गाडी नापास. मायनर असेल तर पास, पण लवकर दुरुस्त करा असा शेरा. ॲडव्हायझरी या तिन्हींच्या खालची. ‘आज हा दोष म्हणण्याइतकं झालेलं नाही, पण लक्ष ठेवा, गरज पडेल तेव्हा दुरुस्त करा’ एवढंच तिचं म्हणणं असतं. तिच्यामुळे सर्टिफिकेटची मुदत कमी होत नाही, रीटेस्ट लागत नाही आणि अमुक दिवसांत काम करून दाखवा असंही बंधन नसतं. तेव्हा तुमच्या मित्राचं कागदापुरतं खरं आहे.

पण रस्त्यावर हिशोब वेगळा होतो. एमओटी पास याचा अर्थ टेस्टच्या दिवशी गाडी किमान पातळीच्या वर होती, इतकाच. पुढं ती धोकादायक अवस्थेत चालवताना सापडलात तर सर्टिफिकेट खिशात असूनही अडीच हजार पौंडांपर्यंत दंड, लायसन्सवर तीन पॉइंट, प्रसंगी चालवायला बंदी. तुमची गाडी त्या अवस्थेला आलीय असं मी म्हणत नाही. सहा महिन्यांनी ती कुठं असेल ते मात्र प्ले कुठल्या जोडात आहे त्यावर ठरेल.

आता टेस्टरची मर्यादा. टेस्टमध्ये आम्हाला काहीही खोलायची मुभा नसते, एक बोल्टसुद्धा नाही. मागचं चाक जमिनीवरून उचलायचं, वर-खाली आणि आडवं हलवून बघायचं, सीटवर दाब देऊन गाडी कशी परत येते ते पाहायचं, टॉर्च मारून गळती शोधायची. हाताला थोडा ढिलेपणा लागला, पण नापास करण्याइतका नाही, तर टेस्टर ॲडव्हायझरी लिहून मोकळा होतो. शेवटी ते हाताच्या अंदाजावर असतं. एकाला जी हालचाल नोंद करण्यासारखी वाटते ती दुसरा सोडून देतो. म्हणून आधी एक फुकटचं काम करा. सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला की २००५पासूनचा एमओटीचा इतिहास दिसतो, मायलेजसकट. हीच ओळ चार वर्षं येत असेल आणि मधे वीस हजार मैल झाले असतील, तर झीज संथ आहे किंवा प्रत्येक वेळी एकच हळव्या हाताचा टेस्टर भेटलाय. गेल्या वर्षी कागद कोरा होता आणि यंदा अचानक ओळ उगवली, तर मी जास्त सावध होईन.

शॉकअपवर मला शंका का, ते सांगतो. शॉकअप गेला की दोन गोष्टी दिसतात. सील फुटून दांड्यावर तेल येतं, किंवा आतलं डॅम्पिंग (हेलकावे जिरवायची ताकद) संपून गाडी खड्ड्यानंतर डुचमळत राहते. टेस्टरला हे दिसलं असतं तर त्यानं ‘तेलाचा ओलावा’ किंवा ‘डॅम्पिंग कमी’ असं लिहिलं असतं. तुमच्या कागदावर प्ले म्हटलंय, आणि प्ले येतो तो जोडात. शॉकअपचा त्यात संबंध आलाच तर त्याच्या वरच्या-खालच्या डोळ्यातल्या, म्हणजे बोल्ट जातो त्या भोकातल्या, बुशपुरता.

गावाकडं स्प्लेंडर किंवा जुनी बुलेट चालवली असेल तर तिथलं मागचं सस्पेन्शन आठवा. दोन बाजूंना दोन शॉकअप, पुढं चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश, संपलं. मेकॅनिक चाक धरून हलवतो आणि ‘चिमट्याचे बुश गेलेत’ म्हणतो, आणि बहुतेक वेळा बरोबर असतो, कारण दुसरं जाण्यासारखं तिथं फारसं काही नसतंच. एसव्हीमध्ये मोनोशॉक आहे आणि तो थेट चिमट्याला लावलेला नाही. मधे लिंकेज आहे: फ्रेमला एक लिव्हर, लिव्हरपासून चिमट्याला दोन पट्ट्या, आणि शॉकअपचं खालचं टोक त्याच लिव्हरला. या प्रत्येक जोडात एक पोलादी स्लीव्ह आणि तिच्याभोवती सुयांसारख्या बारीक रोलरचं बेअरिंग, ज्याला आपण नीडल बेअरिंग म्हणतो. शिवाय चिमट्याच्या मुख्य स्पिंडलवरची बेअरिंगं वेगळी. म्हणजे प्ले येऊ शकेल अशा अर्धा डझन जागा, आणि सगळ्यांचा मिळून परिणाम मागच्या चाकावर जाणवतो.

आणि तो मोठा होऊन जाणवतो. रस्त्यावरच्या बहुतेक बाइकचं मागचं चाक १२० ते १४० मिलिमीटर वर-खाली होतं, तर शॉकअपचा दांडा त्याच्या निम्म्याहून कमी सरकतो. त्यामुळे लिंकेजमधला अर्ध्या मिलिमीटरचा ढिलेपणा चाकापाशी एक-दीड मिलिमीटर होऊन दिसू शकतो. नीडल बेअरिंगला फिरायला थोडी मोकळीक लागतेच. अगदी नव्या गाडीचं चाक उचललं तरी बोटाला किंचित हालचाल लागते. चाकाशी एखाद मिलिमीटर, तोही निःशब्द, एवढ्यावर मी कुणाला पैसे खर्च करायला लावणार नाही. खट् असा आवाज येत असेल तर गोष्ट वेगळी.

या देशात लिंकेज इतक्या लवकर का जातं, त्याचं कारण रस्त्यावर आहे. ऑक्टोबर ते एप्रिल रस्त्यांवर मीठ टाकतात. लिंकेज बरोबर मागच्या चाकाच्या पुढं, खाली लटकलेलं, म्हणजे चाक उडवतं ते सगळं खारं पाणी थेट त्याच्यावर. भरीला आपण गाडी स्वच्छ ठेवायची म्हणून जेटवॉश मारतो आणि सीलमधून ते पाणी आत ढकलतो. कारखान्यातून निघताना बेअरिंगमध्ये ग्रीस तसंही बेताचंच असतं आणि बहुतेक जपानी गाड्यांच्या लिंकेजला बाहेरून ग्रीस भरायचं निपलच नसतं. मग ज्या गाडीचं लिंकेज कधी उघडलंच गेलं नाही, तिच्यात बेअरिंगच्या जागी तपकिरी पूड निघते. सर्व्हिस बुकात सगळे शिक्के असले तरी हे काम झालं असेल असं धरून चालू नका, कारण नेहमीच्या सर्व्हिसमध्ये ते क्वचितच होतं. त्याला वेळ लागतो आणि गिऱ्हाइकाला त्यात काही दिसत नाही.

तपासणी घरी करता येते, पण गाडी योग्य पद्धतीनं उचलली तरच. एसव्हीला मेन स्टँड नाही, आणि चिमट्याखाली लागणाऱ्या पॅडॉक स्टँडचा इथं उपयोग नाही, कारण त्यात गाडीचं वजन चिमट्यावरच राहतं आणि त्या दाबानं जोडांमधला ढिलेपणा लपतो. वजन फ्रेमवर यायला हवं आणि मागचं चाक मोकळं लटकायला हवं. दोन मार्ग आहेत. फ्रेमला आधार देणारा स्टँड कुणाकडून मागून आणा, किंवा गॅरेजच्या भक्कम तुळईला रॅचेटचे पट्टे बांधून सीटखालच्या सबफ्रेमनं गाडीचा मागचा भाग उचलून धरा. इंजिनखाली जॅक लावणार असाल तर एक्झॉस्टचा पाइप आणि ऑइल फिल्टरवर भार येऊ देऊ नका. पुढचा ब्रेक पट्ट्यानं आवळून ठेवा आणि एक माणूस सोबत घ्या. लटकलेल्या गाडीखाली एकट्यानं हात घालू नये.

गाडी लटकली की चाकाला खालून हात घालून हळूच वर उचला. जोर लावू नका. जोडात प्ले असेल तर आधी थोडं सैल जाईल, मग स्प्रिंगचा कडक विरोध लागेल. तो सैल टप्पा म्हणजे तुमचा प्ले. आता सोबतच्या माणसाला तेवढीच हालचाल पुन्हा पुन्हा करायला सांगा आणि तुम्ही एकेका जोडावर बोट ठेवत जा, निम्मं बोट एका पार्टवर आणि निम्मं शेजारच्यावर. शॉकअपचं वरचं टोक, खालचं टोक, लिव्हर जिथं फ्रेमला बसतो ती जागा, पट्ट्यांची दोन्ही टोकं. ज्या जोडात खोट आहे तिथं बोटाखाली दोन पार्ट एकमेकांपासून सरकलेले स्पष्ट लागतात. डोळ्यांपेक्षा बोट इथं जास्त भरवशाचं.

मग चिमटा आडवा हलवून बघा. ॲक्सलजवळ चिमट्याची टोकं दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडं रेटा आणि चिमटा-फ्रेमच्या सांध्याकडं लक्ष ठेवा. इथं डोळ्यांना दिसेल अशी हालचाल असू नये. मी स्वतः या एका गोष्टीवर कडक आहे. लिंकेजमधला वर-खाली प्ले गाडी बेंगरूळ करतो, पण चिमट्याचा आडवा प्ले मागच्या चाकाची दिशा बदलतो, आणि तो तुम्हाला ताशी साठ मैलांवर वळणात कळतो. त्यानंतर चाक वर आणि खाली धरून हलवा. चिमटा स्थिर राहून फक्त चाक हललं तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आहे. ते स्वस्त आणि सोपं काम, आणि टेस्टरच्या हाताला कधीकधी दोन्ही सारखेच लागतात.

गाडी खाली घेतल्यावर सीटवर जोरात दाब देऊन सोडा. एकदा वर येऊन तिथंच थांबली तर डॅम्पिंग शिल्लक आहे. दोन-तीन हेलकावे घेतले तर नाही. दांड्यावरचा रबराचा बंप स्टॉप जरा सरकवून त्याखाली तेल आहे का पाहा. धुळीचं पातळ चिकट वर्तुळ असेल तर पुसून महिन्यानं पुन्हा बघा. ओघळ असेल तर शॉकअप गेलाच. ते तेल मागच्या टायरपर्यंत पोचण्याची वाट पाहू नका.

टायरही याच वेळी बघून घ्या. रोज मोटरवेनं ये-जा करणाऱ्यांचा मागचा टायर मधोमध सपाट होतो आणि गाडी वळणात घालताना अडखळून एकदम पडल्यासारखी वाटते. ‘सस्पेन्शन बिघडलंय’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या आमच्याकडून नवा टायर आणि बरोबर हवा घेऊन समाधानानं परत गेल्यात. हवेचे आकडे मॅन्युअलमधले घ्या, टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो.

समजा प्ले लिंकेजमध्ये निघाला, आणि माझा अंदाज तोच आहे. बऱ्याच जणांचा पहिला विचार असतो बोल्ट आवळायचा. नट खरंच सैल असेल तर मॅन्युअलमधल्या टॉर्कला जरूर आवळा. पण आवळून झीज जात नाही. हा बोल्ट आतल्या स्लीव्हला दोन कानांच्या मधे घट्ट पकडतो आणि बेअरिंग त्या स्लीव्हभोवती फिरतं. बोल्ट कितीही पिळला तरी स्लीव्ह आणि सुया यांच्यातलं अंतर तेवढंच राहणार. उलट जास्त पिळलात तर बोल्टचे आटे जातील. म्हणजे लिंकेज खोलायचं.

तुम्ही विचारलंय की घरी जमेल का. चांगले सॉकेट, टॉर्क रेंच आणि गाडी उचलून धरायची सोय असेल तर लिंकेज काढणं आणि ग्रीस करणं जमेल. बेअरिंग बदलणं जमेल की नाही ते तुमच्या हातावर आणि गंजावर अवलंबून आहे. मोठी अडचण एकच येते: बोल्ट स्लीव्हच्या आत गंजून एकजीव झालेला असतो. आदल्या रात्रीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा, दुसऱ्या दिवशी हीटगननं भाग तापवा आणि बोल्ट मागं-पुढं फिरवत सोडवा. तरीही हलत नसेल तर थांबा आणि गॅरेजात न्या. आट्यांवर हातोडी मारून डोकं फुगवलेले बोल्ट पुढं सगळ्यांनाच महागात पडतात. नवे बोल्ट आधीच मागवून ठेवलेत तर कापायची वेळ आली तरी गाडी अडकून पडणार नाही.

बाहेर निघाल्यावर स्लीव्ह पुसा आणि नख फिरवा. नुसते डाग असतील तर चालतं. नखाला खाचा लागल्या किंवा सुयांचे ठसे उमटलेले दिसले तर स्लीव्ह आणि बेअरिंग दोन्ही बदला. नवं बेअरिंग जुन्या खाचांच्या स्लीव्हवर बसवलं तर पैसे वाया, थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. बेअरिंग, स्लीव्ह आणि सील असा पूर्ण संच बाजारात मिळतो आणि तो नव्या शॉकअपच्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

बेअरिंग हातोडीनं ठोकून बसवू नका. लांब आट्यांचा रॉड, दोन वॉशर आणि बरोबर मापाचे सॉकेट घेऊन खेचून बसवा. त्याआधी जुनं बेअरिंग काठापासून किती आत बसलंय ते मोजून ठेवा, कारण तेवढीच जागा सीलला लागते. नवं बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं आणि ॲल्युमिनियमचा लिव्हर थोडा कोमट केला तर काम निम्म्या जोरात होतं. अक्षरं कोरलेली कड बाहेर ठेवून त्याच कडेवर दाब द्या. ग्रीस पाण्याला दाद न देणारं, जाड. सुयांच्या फटीफटीत ते बोटानं असं भरायचं की पुरणपोळीत पुरण काठापर्यंत जातं तसं. स्लीव्हच्या आत आणि बोल्टवरही पातळ थर द्या, पुढच्या वेळी बोल्ट सरळ निघेल. शेवटी नट मॅन्युअलच्या टॉर्कला.

चिमट्याच्या मुख्य बेअरिंगचं काम मात्र मी नवख्याला घरी करायला सांगत नाही. काही गाड्यांवर स्पिंडलसोबत वेगळा ॲडजस्टर आणि लॉकनट असतो, त्याला खास सॉकेट लागतो, आणि क्रम चुकला तर चिमटा एकतर जाम होतो किंवा ढिला राहतो. तिथं मजुरी दिलेली बरी.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट. तुमची गाडी वेगळी असेल तर शोधायच्या जागा बदलतील. केटीएमच्या ३९० ड्यूकला लिंकेज नाही, शॉकअप थेट चिमट्याला आहे, तेव्हा तिथं चिमट्याची बेअरिंगं आणि शॉकअपचे डोळेच बघायचे. इंटरसेप्टर ६५०ला दोन शॉकअप आहेत. जुन्या ४११च्या हिमालयनला मोनोशॉकसोबत लिंकेज आहे, म्हणजे वर लिहिलेलं बहुतेक सगळं तिला लागू.

आता दुसरी शक्यता. प्ले निघाला नाही, किंवा निघाला पण सोबत शॉकअपही थकलेला दिसला. ३१ हजार मैल आणि गाडीचं वय पाहता मूळ शॉकअप थकलेला असणं काही नवल नाही. आतलं तेल इतक्या वर्षांत पातळ झालेलं असतं. पण थकलेला शॉकअप आणि धोकादायक शॉकअप यांत अंतर आहे. गळती नसेल आणि गाडी एका हेलकाव्यात थांबत असेल तर निर्णय तुमच्या खिशाचा आणि हौसेचा, एमओटीचा नाही. बदलायचा असेल तर नवा हा एकच पर्याय नसतो. सस्पेन्शनचं काम करणारी वर्कशॉप्स इथं बरीच आहेत, तेल आणि सील बदलून पुन्हा गॅस भरून देतात. मात्र फोन करून नेमका मॉडेल सांगा, कारण काही मूळ शॉकअप बंद घडणीचे असतात आणि प्रत्येक वर्कशॉप ते उघडत नाही. स्वतः उघडायचा विचार मनातही आणू नका. आत नायट्रोजन दाबाखाली असतो.

एसव्हीवाले दुसऱ्या मॉडेलचे शॉकअप बसवतात हे तुम्ही वाचलं असेल. बसतात खरे, पण लांबी आणि स्प्रिंग वेगळी असते, त्यामुळे गाडीची मागची उंची बदलते. शिवाय असा बदल इन्शुरन्स कंपनीला कळवावा लागतो. पत्नीला घेऊन लांबचा प्रवास हा हेतू असेल तर मी त्या वाटेला जाणार नाही.

स्कॉटलंडच्या प्रवासाबद्दल. तिथं लोक बहुतेक करतात ती नॉर्थ कोस्ट ५००, म्हणजे उत्तर किनाऱ्याची फेरी, ५१६ मैलांची, इन्व्हर्नेसहून निघून पुन्हा इन्व्हर्नेस, आणि तुम्हाला दक्षिणेतून वर जाऊन परत यायचं अंतर त्याहून जास्त. त्या वाटेवर ॲपलक्रॉसचा बियालाख ना बा घाट आहे: ६२६ मीटर उंची, वीस टक्क्यांपर्यंत चढ, एका गाडीपुरता अरुंद रस्ता, आखूड वळणं. एकट्यानं ऑफिसला जाताना ज्या प्लेचा तुम्हाला पत्ताही लागत नाही, तो दोन माणसं आणि सामान घेऊन तिथं उताराच्या वळणात जाणवतो. म्हणून तुम्ही एकटेच रोज दहा मैल जात असता तर ‘आवाज नाही, चिमटा स्थिर आहे, मग शरदापर्यंत चालवा’ म्हटलं असतं. या प्रवासासाठी मात्र लिंकेज आधी खोला.

काम झाल्यावर सॅग, म्हणजे भारानं गाडीची मागची बाजू किती खाली बसते ते, मोजा. चाक पूर्ण लटकलेलं असताना ॲक्सलपासून वर सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत अंतर घ्या. मग गाडी स्वतःच्या वजनावर, मग तुम्ही जॅकेट-हेल्मेट घालून बसल्यावर. समजा आकडे ५६०, ५५० आणि ५२५ आले. गाडीचं स्वतःचं बसणं १० मिलिमीटर, तुमच्यासह ३५. रस्त्यावरच्या बाइकला मागं ३० ते ४० ठीक. आता पत्नी आणि सामानासह मोजा. ५५-६० झालं तर प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवा. प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर उचलली जाते आणि खाली बसायला जागा मिळते. सगळे टप्पे संपेपर्यंत आवळूनही गाडी खाली बसत असेल तर त्या भाराला ती स्प्रिंगच कमी पडतेय, आणि तेव्हा नव्या शॉकअपचा किंवा कडक स्प्रिंगचा खर्च योग्य कारणासाठी होईल. मागं भार आला की हेडलाइट वर जातो, तोही खाली घ्या.

वेळेचं गणित असं बसवा. मागचा टायर बदलायला आलाच असेल तर त्याच दिवशी लिंकेज करून घ्या, चाक बाहेर असल्यानं निम्मी मजुरी वाचते. इथून पुढं दर दोन वर्षांनी, हिवाळाभर चालवत असाल तर दरवर्षी मीठ पडायच्या आधी, लिंकेज उघडून ग्रीस करा. पुढच्या वर्षी एमओटी मुदतीच्या एक महिना उणे एक दिवस आधी केली तरी तारीख तीच राहते. तेवढ्या अवधीत पुन्हा काही निघालं तर हातात वेळ असतो.

गॅरेजला फोन करताना ‘शॉकअप बदलून द्या’ म्हणू नका. ‘मागचं चाक लटकवून प्ले कुठल्या जोडात आहे ते दाखवा, आणि मी समोर उभा राहीन’ असं म्हणा. चांगलं गॅरेज याला लगेच हो म्हणतं, अर्ध्या तासाची मजुरी घेतं आणि तुमचं बोट त्या जोडावर ठेवून दाखवतं. दाखवायला नकार देऊन पुन्हा तेच कोटेशन पुढं केलं, तर दुसरं गॅरेज बघा. काम झाल्यावर बिलावर कुठल्या जोडाची बेअरिंगं बदलली ते लिहून घ्या आणि जुने पार्ट मागून घ्या. ॲडव्हायझरीची ओळ ऑनलाइन इतिहासातून पुसली जात नाही. उद्या गाडी विकायला काढलीत तर घेणाऱ्याला ती दिसणारच, आणि त्या वेळी हे बिल कामाला येईल. तोवर मधेच खट् आवाज सुरू झाला, चिमटा आडवा हलताना दिसला किंवा मागच्या टायरवर तेल आढळलं, तर गाडी तिथंच उभी करा आणि व्हॅन बोलवा.